गावची तरुण मंडळी आणि थोडकी मदत



गावातल्या सार्वजनिक कामाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानांवर येतात. एक म्हणजे, 'सेवेला पैसा कशाला लागतो? मनात असले म्हणजे झाले.' आणि दुसरे, 'पैशावाचून काही हलत नाही बुवा. सरकारकडून काही मिळत असेल तर बघा.' गंमत अशी, की पारावर बसलेला एकच गृहस्थ ही दोन्ही वाक्ये एकाच संध्याकाळी बोलतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्याला मुळीच वाटत नाही. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या दोन वाक्यांच्या मधोमध जी जागा आहे तिच्याविषयी. गावातील किंवा कॉलेजातील तरुण मुले-मुली काही सेवेचे काम हाती घेतात, त्यांना कोठून तरी थोडकी रक्कम मिळते, दहा हजार, वीस हजार, फार झाले तर पस्तीस हजार, आणि त्या रकमेचे पुढे काय होते, हा आजचा विषय.

रक्कम लहान म्हणून विषय लहान, असे मात्र समजू नका. मोठ्या रकमेवर नजर ठेवायला अधिकारी असतात, कागद असतात, वर्तमानपत्रे असतात. लहान रकमेवर नजर ठेवतो तो एखादा शिक्षक आणि चार पोरे. ती नीट खर्च झाली तर त्या चार पोरांना सार्वजनिक पैसा म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी कळते. वाईट खर्च झाली तर तेही कळते, आणि तेही आयुष्यभरासाठीच.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात हिचे शिबिर होऊन गेले असेल. कदाचित तुमच्याच शाळेच्या खोल्यांत मुले उतरली असतील. ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. त्या वेळी डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव शिक्षणमंत्री होते. आरंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. पुढे ही संख्या ४० लाखांच्या आसपास गेली.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि तिचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. १९५९ साली विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली, आणि तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. होय, तेच. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या समितीने सुचवले, की माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष देशाची सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. सूचना मोठी होती. ती अमलात आली नाही. लाखो मुलांना वर्षभर राहायला जागा, खायला अन्न, शिकवायला माणसे, हा सगळा खर्च पेलणार कोण, हा प्रश्न आडवा आला. अर्थशास्त्र जाणणाऱ्या माणसाची योजना पैशापाशी अडावी, हा योगायोगच म्हणायचा. अखेर दहा वर्षांनी जी योजना आली ती ऐच्छिक होती, शिक्षण सांभाळून करायची होती, आणि मुख्य म्हणजे थोडक्या पैशांत बसणारी होती. आज आपण जी लहान अनुदाने पाहतो त्यांचे मूळ तिथे आहे. एवढ्यातच भागवायचे, असे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

आता हे 'एवढ्यात' म्हणजे किती, ते पाहू. शंभर विद्यार्थ्यांचे एक पथक, त्यावर एक प्राध्यापक किंवा शिक्षक कार्यक्रम अधिकारी म्हणून. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करायचे. शिवाय पथकातल्या निम्म्या मुलांनी दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे. बरीच वर्षे या कामासाठी मिळणारा दर असा होता : नेहमीच्या कामाला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २५० रुपये, आणि शिबिराला दर विद्यार्थ्यामागे ४५० रुपये. अलीकडे हे दर वाढून ४०० आणि ७०० झाले.

गुरुजी, फळ्यावर मांडावा असा हा हिशेब आहे. पन्नास मुले, ४५० रुपये. एकूण झाले २२,५००. सात दिवसांनी भागा, पन्नासांनी भागा. एका मुलाला एका दिवसाला ६४ रुपये आणि काही पैसे. त्यात दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, येण्याजाण्याचे भाडे, दिव्याची सोय, औषधाची पेटी, आणि ज्या कामासाठी यायचे त्या कामाचे साहित्य. नव्या दराने तोच आकडा दिवसाला १०० रुपयांवर येतो. वाढ झाली हे खरे. पण बाजारात तेलाचा डबा आणि तुरीची डाळ घेणाऱ्या माणसाला हे शंभर रुपये किती लांब जातात ते सांगायला नको.

मग शिबिरे होतात कशी? उरलेले गाव भरते. कोणी ज्वारीचे पोते देतो, कोणी भाजी. दूध डेअरीतून दोन कॅन दूध येते. एखाद्या दिवशी एखादी आळी म्हणते, आज आमच्याकडे पिठले-भाकरी. खरे सांगायचे तर शिबिराचा हाच भाग मुलांच्या ध्यानात जन्मभर राहतो. जे अनुदान पुरे पडत नाही ते गावाला आणि मुलांना एका पंगतीला बसवते, हा त्याचा न ठरवलेला फायदा आहे. पण म्हणून अनुदान अपुरे असणे चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या गावात दोन वर्षे पाऊस नाही, त्या गावाने भाकरी द्यायची कोठून? आणि शिबिराची गरज नेमकी अशाच गावाला जास्त असते. शिवाय रक्कम हातात पडायला उशीर झाला की पहिला भार शिक्षकाच्या खिशावर पडतो. किराणावाल्याची उधारी त्याच्या नावावर, टेंपोचे भाडे त्याच्या नावावर. पूर्वी हा खर्च केंद्र आणि राज्य मिळून सात आणि पाच या प्रमाणात उचलत. दोन थैल्यांतून येणारा पैसा एका वेळी जुळणे कठीण, हे आपल्याला घरच्या वाटणीवरूनही ठाऊक आहे. १ एप्रिल २०१६ पासून सगळा खर्च केंद्राने उचलायचा असे ठरले, त्यामागे हेही एक कारण होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इतक्या थोडक्या पैशांतून खर्च करायचा तो कशावर?

माझे मत मी सरळ सांगतो. जे हातांनी होते त्यावर पैसा घालू नये, आणि जे हातांनी होत नाही त्यावर घालायला कचरू नये. माती खणायला हात आहेत. पण पहार हातांनी घडत नाही, ती विकत आणावी लागते. दगड वेचायला हात आहेत. पण पाइप, सिमेंट, सुतळी, दाभण हे दुकानातूनच यायचे. आता आपण काय पाहतो? शिबिराच्या आधी छापून येतो तो भलामोठा फलक. त्यावर पाहुण्यांची नावे, त्यांची छायाचित्रे. मग उद्घाटनाचे श्रीफळ, शाली, हार, ध्वनिक्षेपक, मंडप. समारोपाला पुन्हा तेच. आणि मधल्या पाच दिवसांत पन्नास मुलांमध्ये कुदळी किती, तर सात! सात मुले खणतात आणि त्रेचाळीस मुले त्यांच्याकडे पाहतात. असे शिबिर आपण पाहिले नाही असे म्हणणारा श्रोता मला भेटवा. पाहुण्यांचा सत्कार करू नये असे मी म्हणत नाही. गावच्या बागेतले गुलाबाचे फूल आणि दोन शब्द यांत सत्कार होतो. फलकाच्या पैशांत चार कुदळी, चार फावडी आणि सहा घमेली येतात.

एक उदाहरण घेऊ, शोषखड्ड्याचे. घरातले न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी रस्त्यावर येते, तिथे डबके होते, डास होतात, वाट निसरडी होते. यावर उपाय साधा. घराच्या मागे, भिंतीपासून थोडे दूर आणि विहिरीपासून किमान १० मीटर अंतरावर, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा खड्डा घ्यायचा. तळाला मोठे दगड, त्यावर मुठीएवढे, त्यावर विटांचे तुकडे. वर तळाला भोके पाडलेले एक मडके, त्यात काथ्या किंवा नारळाच्या शेंड्या, म्हणजे खरकटे आणि साबणाचा गाळ तिथेच अडतो. न्हाणीचे पाणी पाइपाने त्या मडक्यात सोडायचे. यात विकत काय आणावे लागले? पाइपाचा तुकडा आणि मडके. बाकी सारे गावात आहे. मुले खड्डा खणतात, घरची माणसे दगड आणून देतात. पन्नास मुलांचे पथक पाच-पाचांच्या टोळ्या करून मन लावून बसले, तर आठवड्यात एक आळी कोरडी होते.

पण यातही एक मेख आहे. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे एक मीटरचा खड्डा चार दिवसांत भरून वाहू लागतो, आणि मग घरची बाई म्हणते, 'पोरे आली, अंगण उकरून गेली.' तिचे काही चुकत नाही. अशा जमिनीत मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते किंवा दुसरा उपाय पाहावा लागतो. तेव्हा शिबिराच्या आधी महिना-दीड महिना दोन ठिकाणी खड्डे घेऊन, पाणी ओतून पाहणे हे काम आधी. याला खर्च शून्य. लागते ती एका रविवारची फेरी. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला याहून चांगला प्रयोग कोणता, तो मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. आमची शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण परीक्षा आटोपलेल्या असतात. आणि कार्यक्रमपत्रिकेत पहिले काम काय असते? वृक्षारोपण! जानेवारीत लावलेल्या रोपाला पुढे चार महिने ऊन खायचे असते. शेतकऱ्याच्या घरच्या लहान पोरालाही हे कळते, पण छापील कार्यक्रमाला कळत नाही. रोपांवर घातलेले अनुदान मार्चअखेर वाळून जाते. झाडे जूनमध्ये लावावीत, किंवा मग लावलेच तर पाणी घालणाऱ्या घराचे नाव आधी ठरवून लावावे.

हाच हंगामाचा हिशेब उलट बाजूने बघा. ओढ्यावरचा गोण्यांचा बंधारा, ज्याला आपण वनराई बंधारा म्हणतो, तो घालायचा पावसाळा सरताना, ओढ्याची धार बारीक झाली की. म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. जानेवारीत शिबिराची वाट पाहत बसलो तर अडवायला पाणीच उरत नाही. पण योजनेत वर्षाचे १२० तास आहेतच की. त्यांतले दोन रविवार दसरा-दिवाळीच्या सुमारास या कामाला द्यावेत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ज्याच्या घराचे बांधकाम निघाले असेल तो देतो. त्या वाळूने-मातीने पाऊणभर भराव्यात, गच्च भरू नयेत, म्हणजे एकीवर एक नीट बसतात. तोंडे सुतळीने शिवावीत. विटांचे बांधकाम करतात तशी सांध्यावर सांधा न येऊ देता रचावीत, तळाला रुंद, वर अरुंद, आणि मधल्या फटींत माती ठोकावी. जागा अशी निवडावी, की पात्र अरुंद आणि काठ उंच. खर्च काय? सुतळी, दाभणे आणि दुपारची भाकरी. पाणी रब्बीच्या एखाद्या पाळीला होते, गुरांना होते, आसपासच्या विहिरी थोड्या उशिरा उतरतात. पुढच्या पुरात हा बंधारा वाहून जातो, हे मात्र आधीच सांगून ठेवावे. तो दरवर्षी घालायचा असतो. म्हणूनच तो सरकारी कंत्राटापेक्षा तरुण मंडळाच्या हाताला जास्त शोभतो.

इथे एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. श्रमदान म्हणजे कोणाच्या तोंडचा घास काढणे नव्हे, एवढी काळजी घ्यावी लागते. आपल्या राज्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला तो १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने; पुढे २००५ साली देशभरासाठी तसा कायदा झाला. ज्या कामावर गावातल्या भूमिहीन माणसाला मजुरी मिळायची आहे, तेच काम कॉलेजच्या मुलांनी हौसेने फुकट करून टाकले, तर फोटो चांगला निघतो, पण त्या माणसाची आठवड्याची हजेरी बुडते. आणखी एक. एखाद्या बड्या माणसाच्या शेताकडे जाणारा रस्ता 'गावचा रस्ता' म्हणून मुलांकडून करून घेण्याचे प्रकारही होतात. काम कोणते घ्यायचे हे ठरवताना गावातल्या शेवटच्या वस्तीत जाऊन विचारावे, आणि तेही सरपंचांना बरोबर घेऊन. तिथली बाई सहसा रस्ता मागत नाही. ती म्हणते, नळाच्या कोंडाळ्याशी चिखल होतो तो काढा.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पथकात मुली पुष्कळ असतात. शिबिराच्या यादीत त्या कमी होतात. का? घरचे पाठवत नाहीत. आणि घरच्यांनी का पाठवावे, जर राहण्याच्या जागेला दाराची कडी नीट नसेल, न्हाणीला आडोसा नसेल, रात्री संडासाकडे जाताना दिवा नसेल? पाहणीला जाल तेव्हा पहिली नजर इकडे टाका. पन्नास मुलांच्या अनुदानातला पहिला खर्च कडी-कोयंडा, दोन दिवे आणि पत्र्याचा आडोसा यावर झाला तर तो वायफळ झाला असे म्हणणाऱ्याने एक रात्र तिथे आपली मुलगी ठेवून पाहावी. शिबिर आटोपल्यावर तो आडोसा शाळेला राहतो. शाळेतल्या मुलींनाही तो हवाच असतो.

आता शिबिर संपले, टेंपो गेला. पुढे काय? इथे गावचे तरुण मंडळ पाहिजे. कॉलेजची मुले सात दिवसांची पाहुणी. शोषखड्ड्याचे मडके साफ करायला ती दर महिन्याला येणार नाहीत. गावोगावच्या तरुण मंडळांना हाताशी धरण्यासाठी १९७२ पासून नेहरू युवा केंद्रे निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मंडळांना खेळाचे साहित्य, प्रशिक्षण, एखाद्या कार्यक्रमाला थोडी मदत, असे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'मेरा युवा भारत' ही नवी व्यवस्था सुरू झाली. पाट्या बदलतात, गावाच्या दृष्टीने प्रश्न तोच राहतो, की आपले मंडळ मदत घेण्याजोगे आहे का? गणपतीपुरते जमणारे आणि अनंत चतुर्दशीला विसर्जन पावणारे मंडळ कोणाच्याही मदतीला पात्र ठरत नाही. नोंदणी हवी, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली त्याला किमान सात माणसे लागतात, आणि आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नाव घालावे लागते. बँकेत मंडळाच्या नावे खाते हवे, सह्या दोघांच्या हव्यात. कार्यकारिणी बदलली की तसे कळवायला हवे. ही कामे कंटाळवाणी आहेत खरी. पण अनुदानाची मुदत सरत आल्यावर तालुक्याला धावणाऱ्या मंडळांची दमछाक पाहिली, की ती आधी उरकलेली बरी असे वाटते.

पैसा बाहेरूनच आला पाहिजे असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला, आणि १९२४ साली ती साताऱ्यास आली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाचा प्रश्न होता. तेव्हा घराघरांतल्या बायांनी दळण-कांडण करताना एक मूठ धान्य बाजूला काढायचे, आणि ते गोळा करून वसतिगृहास द्यायचे, असा मुष्टिफंड सुरू झाला. एका मुठीला कोण नाही म्हणणार? आणि मुले काय करीत? शिकता शिकता खणत, बांधत, शेती करीत. 'कमवा आणि शिका' हे त्या मुलांचे रोजचे जगणे होते. पुढे १९४८ च्या सुमारास संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद पडले. तरी संस्था बंद पडली नाही. मुठीने ज्यांनी धान्य दिले होते ती माणसे पाठीशी उभी राहिली. अनुदानावर उभे असलेले काम आणि अनुदानाचा आधार असलेले काम यांतला फरक असा एखाद्या वाईट वर्षी कळतो. ग्रामसभेत मंडळाच्या पेटीत दर घरामागे दहा रुपये पडले तरी दोनशे घरांचे दोन हजार होतात. रक्कम किरकोळ आहे, पण मग ती दोनशे घरे विचारायला लागतात, की आमच्या दहा रुपयांचे काय केले? हे विचारणे सुरू झाले पाहिजे.

आणि विचारले की दाखवायला वही पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे तुमच्यासाठी.

अनुदान आले की पुष्कळदा असे होते : हिशेब सगळा शिक्षक ठेवतो, मुले काम करतात. त्यात सोय आहे, वेळ वाचतो, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर जाते. तरीही माझे म्हणणे, की किर्द मुलांच्या हाती द्यावी. पाळीपाळीने दोन मुले, त्यांत एक मुलगी. सकाळी शिल्लक किती, आज काय आणले, पावती कुठे, संध्याकाळी शिल्लक किती. रात्री जेवणे झाली की सगळ्यांसमोर वाचायचे. तेलाचा भाव दोन दुकानांत वेगळा का, असा प्रश्न एखादा मुलगा विचारतो, तेव्हा तो नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकाबाहेर शिकत असतो. चुका होतील. बेरीज चुकेल, पावती हरवेल. त्या आदल्याच रात्री सापडतात, मार्चमध्ये नव्हे. शेवटी सही तुमचीच असते, तेव्हा तपासणी तुमचीच राहील. वही मात्र त्यांची असू द्या.

एक मोह मात्र टाळा, आणि मुलांना त्यापासून फार जपा. अनुदानाचा एखादा भाग ठरलेल्या बाबीवर खर्च झाला नाही म्हणून त्या बाबीची खोटी पावती जोडण्याचा मोह. 'सगळेच करतात, पैसा खाल्ला तर नाही ना?' असे त्याचे समर्थन असते. कधी कधी पैसा खरोखर चांगल्या कामालाच गेलेला असतो. पण ज्या मुलाने कोरी पावती भरताना आपल्या सरांना पाहिले, त्याच्या मनात सेवेचे चित्र पुढे कसे उमटेल? बाब बदलायची असेल तर वर लेखी विचारावे, नाही म्हटले तर शिल्लक परत करावी. परत गेलेल्या दोन हजारांची नोंद असलेली वही मी तरी मुलांना अभिमानाने दाखवीन.

ग्रामसभा आपल्याकडे वर्षातून किमान चार भरायच्या असतात, आणि त्यांतली एक बहुतेक गावांत २६ जानेवारीच्या सुमारास होते. शिबिर जानेवारीत आटोपले असेल तर त्याच सभेत मुलांपैकी एकाने उठून पाच मिनिटांत सांगावे : इतके मिळाले, गावाने इतकी ज्वारी दिली, इतके खड्डे झाले, इतके राहिले. राहिलेले सांगायला लाजू नये. गावकऱ्यांना अहवालातले गोड शब्द नकोत. त्यांना आपल्या आळीचे नाव ऐकायचे असते.

अवजारांचेही तसेच. शिबिरासाठी घेतलेली कुदळ-फावडी कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत गंजत पडतात आणि पुढच्या वर्षी नवी घेतली जातात, कारण जुनी कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत ती चढवलेली असतात, एवढेच. त्यापेक्षा पथकाने आणि गावच्या मंडळाने मिळून ती शाळेच्या एका खोलीत ठेवावीत, वही लावावी आणि गावाला वापरायला द्यावीत. विहिरीचा गाळ काढायचा आहे, ने. लग्नाच्या मांडवासाठी खड्डे खणायचे आहेत, तेही ने. पण परत आण. पूर आला, भूकंप झाला, तर हीच अवजारे पहिल्या तासाला उपयोगी पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झाले ते आपण विसरलेलो नाही. बाहेरून मदत पोचेपर्यंत शेजारच्या गावांतल्या माणसांनी हाताला लागेल त्याने ढिगारे उपसले. तिथे पहार असणे आणि नसणे यांत काय अंतर असते ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा येत्या शिबिराची बैठक बसेल त्या दिवशी आधी ती खोली उघडा. कुदळी मोजा, दांडे हलवून पाहा, ज्यांचे सुटले असतील ते सुताराकडे द्या. वहीत ज्यांच्या नावावर अजून काही बाकी आहे त्यांच्या घरी दोन मुलांना पाठवा. मग कळेल नवी किती घ्यायची, आणि मग बाकीच्या खर्चाचा कागद काढा.